पाठीवरचा चौकोनी चट्टा आणि नानांनी बंद केलेल्या गोळ्या

पत्र इंदिरानगरहून आलंय, एका सुनेचं. लांबलचक आहे, मी मुद्द्याचं तेवढं ठेवलंय.

"काका, माझे सासरे, आम्ही नाना म्हणतो, वय ६३, निफाडकडे द्राक्षबाग. शुगर आहे, वजन ९२ किलो. ५ जूनला त्यांची अँजिओप्लास्टी करायला घेतली, उजवी नळी शंभर टक्के बंद होती, तीन तास झाले तरी तार पलीकडे गेली नाही. मग १४ जुलैला परत केली, साडेतीन तास लागले, दोन स्टेंट टाकले आणि छातीतलं दुखणं थांबलं. जुलैच्या शेवटी पाठीवर उजव्या बाजूला खांद्याच्या हाडाखाली लालसर चट्टा आला, तळहाताएवढा. मेडिकलवाल्याने नायट्याची ट्यूब दिली. ऑगस्टमध्ये त्याचे पापुद्रे निघाले, पाणी सुटलं, आत्याबाई म्हणाल्या नागीण आहे, उतरवून आणली. मग सुकलं, काळपट डाग राहिला. नोव्हेंबरात तिथेच मधोमध रुपयाएवढी जखम उघडली ती भरतच नाही, रात्री झोप लागत नाही एवढं दुखतं. सगळे म्हणतात पाठीवरचा फवारणीचा पंप गळला, औषधाने कातडी जळली. स्किनचे डॉक्टर म्हणतात तुकडा काढून तपासू. शेजारचे म्हणाले रक्त पातळ करायच्या गोळ्यांमुळे जखम भरत नाही, म्हणून नानांनी चार दिवसांपासून त्या बंद केल्यात. हे अँजिओप्लास्टीमुळे असेल का? नातू त्यांच्याशेजारी झोपतो, त्याला काही होईल का? दीर हॉस्पिटलमध्ये जाऊन भांडायच्या तयारीत आहेत. आणि जानेवारीत परत अँजिओग्राफी सांगितलीय, नाना म्हणतात मेलो तरी त्या मशीनखाली जाणार नाही."

ताई, बाकीचं उत्तर नंतर वाचा. आधी हार्टच्या डॉक्टरांना फोन लावा आणि सांगा की चार दिवसांपासून गोळ्या बंद आहेत, आज काय करायचं. आजच, उद्या नाही. स्टेंट टाकून पाच महिने झालेत आणि एवढ्यात त्या गोळ्या मधेच सोडल्या तर स्टेंटमध्ये गुठळी धरू शकते, आणि ती धरली तर अटॅकच येतो. छातीत दुखलं, घाम फुटला, श्वास लागला तर फोनही करत बसू नका, १०८ बोलवा नाहीतर गाडीत घालून थेट कॅज्युअल्टीला न्या. शेजाऱ्यांनी मायेपोटीच सांगितलं असेल, पण जखम न भरण्याचं कारण त्या गोळ्या नाहीत.

फोन झाला? आता बाकीचं.

मी डॉक्टर नाही हे आधी सांगतो, नाशकातल्या कॅथलॅबमध्ये, म्हणजे अँजिओप्लास्टी करतात त्या खोलीत, टेक्निशियन म्हणून नोकरी केली, आता रिटायर आहे. नानांची पाठ मी पाहिलेली नाही, त्यामुळे पक्कं निदान मी करू शकत नाही आणि करूही नये. पण तुम्ही तारखा इतक्या नीट लिहिल्यात की त्या वाचताना माझ्या डोळ्यापुढे लॅबचं टेबलच उभं राहिलं. मला तरी हा एक्सरेचा भाजल्याचा चट्टा वाटतोय.

आता हे कसं होतं ते सांगतो. अँजिओप्लास्टी करताना डॉक्टर जे बघतात तो म्हणजे चालू एक्सरे असतो, पायाखालचं पॅडल दाबलं की स्क्रीनवर हृदय हलताना दिसतं, तार कुठवर गेली, फुगा कुठे फुगवायचा, सगळं त्यावरच. ही किरणं टाकणारी ट्यूब टेबलाच्या खाली असते, आणि फोटो पकडणारी प्लेट वरती छातीच्या बाजूला. म्हणजे किरणं पाठीतून आत शिरतात, आणि जिथून शिरतात त्या कातडीला सगळ्यात जास्त मार बसतो, छातीला त्यामानाने किरकोळ. आता उजवी नळी बघायची असली की मशीन पेशंटच्या डावीकडे कलवतात, प्लेट डावीकडे वर, मग ट्यूब कुठे जाणार, उजवीकडे खाली. बरोबर उजव्या खांद्याच्या हाडाखाली. नानांची नळी उजवी आणि चट्टाही उजवीकडेच, हा योगायोग असू शकतो पण मला तो फार वाटत नाही.

शंभर टक्के बंद नळी म्हणजे कामाला वेळ लागतोच. साधी अँजिओग्राफी पाच दहा मिनिटांच्या एक्सरेत आटपते, बंद नळीत मात्र तार घुसवणं म्हणजे दगडातून सुई काढण्यातला प्रकार, तासाभराच्या वर नुसतं पॅडल चालू राहतं आणि तेही एकाच अँगलने, कारण त्याच अँगलला ती नळी नीट दिसते. त्यात मधेमधे शॉट घेतात, म्हणजे रेकॉर्डिंग, त्याला नुसत्या बघण्यापेक्षा कितीतरी जास्त किरणं लागतात. आणि नानांचं वजन ९२ किलो. अंग जाड असलं की चित्र अंधारं येतं, मग मशीन स्वतःहूनच किरणं वाढवतं, कुणी बटण दाबावं लागत नाही.

किरणांचा हिशोब ग्रे या मापात करतात. एकाच जागेच्या कातडीला साधारण २ ग्रे बसले तर काही तासांत हलकी लाली येऊन जाते, कुणाच्या लक्षातही येत नाही. ६ ग्रेच्या आसपास गेलं की खरी लाली येते, पण ती लगेच नाही, दहा एक दिवसांनी. १४ ते १८ च्या पुढे चार आठवड्यांच्या सुमारास पापुद्रे निघतात, पाणी सुटतं. आणि खोलवरच्या बारीक रक्तवाहिन्याच खराब झाल्या असतील तर वरून सुकलेली जागा दहा आठवड्यांनंतर परत आतून मरायला लागते आणि खड्डा पडतो. आता तुमच्या तारखा यावर ठेवून बघा. १४ जुलै, मग जुलैअखेर लाली, ऑगस्टच्या मध्यात पाणी, मग सुकणं, मग नोव्हेंबरात खड्डा. मला तर पत्र वाचताना वाटलं की कुणीतरी पुस्तकातलं पान उतरवून पाठवलंय. शिवाय जून आणि जुलै या दोन्ही वेळांत एकोणचाळीसच दिवसांचं अंतर, आणि साठ दिवसांच्या आत दोनदा झालं की दोन्ही डोस एकत्रच धरायचे असतात, कारण कातडी मधल्या काळात पुरती सावरलेली नसते.

याउलट गरम तव्याला हात लागला की लगेच कळतं. इथे टेबलावर काही जाणवत नाही, घरी येताना काही नाही, आठवडाभर काही नाही, म्हणूनच सगळे फसतात. डिस्चार्ज होऊन पंधरा दिवस झाल्यावर पाठीवर काही आलं तर ते हृदयाच्या ऑपरेशनचं असेल हे कुणाच्या डोक्यात येणार? मग नायटा, घामोळं, गादीची उष्णता, इसीजीच्या स्टिकरची ॲलर्जी, असं काय काय निघतं. नागीण म्हणाल तर ती पट्ट्यासारखी येते, तिला बारीक फोडांचे झुपके असतात आणि ती बहुतेक तीन चार आठवड्यांत आटपते, पाच महिने मुक्काम करत नाही.

आणि पंप. बाग म्हटलं की ट्रॅक्टरचा फवारणीचा ब्लोअर आला तरी भाजीच्या वाफ्याला पाठीवरचाच पंप असतो, तो गळतोही, हे मला मान्य. पण पंप गळला तर औषध खाली ओघळतं, कमरेपर्यंत ओघळ दिसायला हवेत, पट्ट्याखाली दोन्ही बाजूंना लाल व्हायला हवं. शिवाय तुम्हीच लिहिलंय की लाली जुलैच्या शेवटी आली, तेव्हा नाना अँजिओप्लास्टी होऊन पंधरा दिवस घरातच पडून होते ना? मग पंप कुणी पाठीवर घेतला? तर घरी एक करा. दिवसाच्या उजेडात त्या जुन्या डागाच्या कडा बघा. एक्सरेचा झोत मशीनमधल्या पट्ट्यांनी चौकोनी कापलेला असतो, त्यामुळे पुष्कळदा डागाला सरळ कडा असते, एखादा कोपराही दिसतो. निसर्गात चौकोनी नायटा मी तरी पाहिलेला नाही. अर्थात कडा गोल दिसल्या म्हणून एक्सरे नाहीच असंही धरू नका, अँगल थोडाथोडा बदलला की कडा पुसट होतात.

ही काही नवीन भानगड नाही. एक्सरेचा शोध लागला १८९५ ला आणि पुढच्याच वर्षी हात भाजल्याच्या तक्रारी यायला लागल्या होत्या. एडिसनच्या हाताखाली क्लॅरेन्स डॅली नावाचा माणूस होता, ट्यूब तपासायला सारखा स्वतःचा हात धरायचा, दोन्ही हात गेले आणि १९०४ ला जीवही गेला. हृदयाच्या बाबतीत म्हणाल तर अमेरिकेत १९९० साली एका चाळीस वर्षांच्या माणसाची एकाच दिवशी अँजिओग्राफी, अँजिओप्लास्टी, परत अँजिओग्राफी आणि शेवटी बायपास झाली, त्याच्या पाठीवर अगदी नानांसारखीच कहाणी झाली, दीड दोन वर्षांनी तिथे दुसरीकडची कातडी लावावी लागली. अशा केसेस साठल्यावर १९९४ ला तिथल्या एफडीएने, म्हणजे औषधं आणि मशिनरीवर नजर ठेवणाऱ्या सरकारी खात्याने, डॉक्टरांना जाहीर सूचना काढली. म्हणजे तीस वर्षं झाली, माहिती असायला हवी अशी ही गोष्ट आहे.

आता तुकडा काढण्याचं. स्किनचे डॉक्टर चुकतायत असं मी म्हणत नाही, त्यांना कुणी अँजिओप्लास्टीचं सांगितलंय का तेवढं मला सांगा. मला वाटतं नसेल सांगितलं, कारण पाठीच्या जखमेसाठी गेल्यावर हृदयाची फाईल कोण नेतं. एक्सरेने भाजलेल्या कातडीचा रक्तपुरवठा मेलेला असतो, तिथे तपासायला म्हणून घेतलेला छोटा तुकडासुद्धा नवीन न भरणारी जखम होऊन बसतो. म्हणून दुसऱ्या कशाची खरी शंका असेल तरच काढतात. जूनची आणि जुलैची दोन्ही डिस्चार्ज कार्डं घेऊन परत जा, तारखा जशा मला लिहिल्यात तशाच कागदावर लिहून द्या आणि सरळ विचारा की हे फ्लुरोस्कोपीचं, म्हणजे त्या चालू एक्सरेचं, रेडिएशन असू शकतं का, असलं तर तुकडा काढणं गरजेचं आहे का. निर्णय त्यांचा. आणि तुकड्यासाठी म्हणून कुणी रक्त पातळ करायच्या गोळ्या थांबवायला सांगितल्या तर हार्टच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नका, हे मी मुद्दाम परत लिहितोय.

प्लास्टिक सर्जनलाही एकदा दाखवून ठेवा, आत्ताच, जखम मोठी व्हायची वाट बघू नका. काही जखमा पट्टी करत करत भरतात, काहींना तो मेलेला भाग पुरता काढून शेजारची जिवंत कातडी तिच्या रक्तवाहिन्यांसकट सरकवून बसवावी लागते. नुसती पातळ कातडी चिकटवली तर खालीच रक्त नसल्यामुळे ती कधीकधी धरत नाही. दुखणं जखमेच्या मानाने जास्त असतं, नाना नाटक करत नाहीयेत, दुखण्याची गोळी मागून घ्या. फक्त मेडिकलमधून मनाने घेऊ नका, दुखण्याच्या काही गोळ्या हार्टपेशंटला चालत नाहीत.

घरी काय, तर त्या नायट्याच्या ट्यूबा आधी फेकून द्या, त्यात बऱ्याचदा स्टिरॉइड असतं. हळद, कोरफड, चुना, शेक काहीही नको. जुना मऊ सुती सदरा, डाव्या कुशीवर झोप, जागेवर ऊन नको, घासणं नको. शुगर ताब्यात ठेवा, आणि नाना तंबाखू मळत असतील तर जखम भरेपर्यंत तरी सोडा म्हणावं, म्हणजे खरं तर कायमचीच पण आधी तेवढं तरी. दर रविवारी शेजारी एक रुपयाचं नाणं धरून फोटो काढा, म्हणजे वाढतेय की आकसतेय ते कळेल. ताप आला, पू झाला, आजूबाजूला लाली पसरायला लागली तर रविवारची वाट न बघता त्याच दिवशी दाखवा. आणि पुढे काही वर्षांनी त्या जागी गाठ आली किंवा कडा जाड व्हायला लागली तर मात्र तपासायला तुकडा काढावाच लागतो, तिथे कॅन्सरचा धोका थोडा का होईना असतो. आत्ता ती भीती घेऊन बसू नका.

नातवाचं एका वाक्यात सांगतो. ट्यूबलाईट बंद केली की उजेड खोलीत साठून राहत नाही तसंच हे, पॅडलवरून पाय उचलला त्या क्षणी किरणं संपली, नानांच्या अंगात काही उरलेलं नाही, पोराला खुशाल शेजारी झोपू द्या, फक्त झोपेत पाठीवर लाथ बसणार नाही अशा बेताने.

आता दीर. त्यांचा राग मला कळतो, आणि त्यातला अर्धा मला पटतो, पण कुठला अर्धा ते सांगतो. चट्टा पडला म्हणजे डॉक्टरने चूक केली असं होत नाही. तार अडलेली असताना, पेशंट टेबलावर असताना, अजून दहा मिनिटं करू की सोडू हा निर्णय सोपा नसतो, आणि शेवटी नानांचं छातीतलं दुखणं गेलं हे तुम्हीच लिहिलंय. प्लेट छातीच्या जवळ ठेवणं, टेबल ट्यूबपासून लांब ठेवणं, झोत लहान करणं, सेकंदाला कमी चित्रं घेणं, मधेमधे अँगल बदलणं, हे करून डोस पुष्कळ कमी होतो, तरी अशा अवघड केसमध्ये दर वेळी टाळता येतोच असं नाही.

पण सांगितलं का नाही, हा प्रश्न बरोबर आहे. मी ज्या लॅबमध्ये होतो तिथेही, नाव नको, स्क्रीनच्या कोपऱ्यात डोसचा आकडा चढताना आम्हाला सगळ्यांना दिसायचा आणि केस संपली की आम्ही जेवणाचा डबा उघडायचो. मीही उघडलाय. पेशंटच्या नातेवाईकाला बाजूला घेऊन "पंधरा दिवसांनी पाठ बघा, महिन्याने परत बघा, काही दिसलं तर आम्हाला फोन करा" एवढं सांगायला अर्धा मिनिट लागतं, आणि ते अर्धं मिनिट मी कितीदा दिलं नाही हे आता मोजायला बसलो तर लाज वाटेल.

म्हणून दिरांना पाच माणसं घेऊन नका पाठवू, एक अर्ज देऊन पाठवा. दोन्ही वेळच्या प्रोसिजर नोट्स आणि डोस रिपोर्ट लेखी मागा. पेशंटने रेकॉर्ड मागितलं तर ७२ तासांत द्यावं असा मेडिकल कौन्सिलचा २००२ चा नियम आहे, त्याची आठवण अर्जातच करून द्या, अर्जाच्या झेरॉक्सवर शिक्का आणि सही घ्या. रिपोर्टमध्ये तीन आकडे असतात. फ्लुरो टाइम म्हणजे पॅडल किती मिनिटं चाललं, त्यात रेकॉर्डिंगचे शॉट बहुतेक धरलेले नसतात म्हणून त्याच्यावर फार जाऊ नका. दुसरा डोस एरिया प्रॉडक्ट, म्हणजे डोस गुणिले झोताचं क्षेत्रफळ. तिसरा एअर केर्मा, तो कामाचा, मिलिग्रेमध्ये असतो, म्हणजे ५००० लिहिलं असेल तर ५ ग्रे. ५ च्या पुढे गेलं की पेशंटला सांगून कातडीवर लक्ष ठेवायचं असं धरतात. दोन्ही वेळचा मिळून १५ च्या पुढे गेला असेल तर हा रिपोर्ट नीट बसून तपासायलाच हवा, कातडीला नेमका किती बसला ते मेडिकल फिजिसिस्टला, म्हणजे किरणांचा हिशोब करणाऱ्या तज्ज्ञाला, काढता येतं. कॅथलॅबला परवाना एईआरबीचा, म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळाचा, लागतो, त्यांचं ऑफिस मुंबईत अणुशक्तीनगरला आहे, हॉस्पिटलने दाद दिली नाही तर तिथे लिहिता येतं. ग्राहक आयोगात जायचं ठरलंच तर दोन वर्षांची मुदत असते. पण माझं ऐका, आधी तोच हार्टचा डॉक्टर समोर बसवून ही पाठ दाखवा. पुष्कळ डॉक्टरांना त्यांच्या पेशंटची पाठ नंतर कधी दिसलेलीच नसते, कारण पेशंट जातो स्किनवाल्याकडे. चांगला डॉक्टर असेल तर तो स्वतःच प्लास्टिक सर्जनला फोन लावेल.

राहिली जानेवारीची अँजिओग्राफी. ती कशासाठी आहे हे विचारा. छातीत दुखत नसेल, चालताना दम लागत नसेल तर नुसती बघायची म्हणून ती लागतेच असं नाही, टूडी इको, स्ट्रेस टेस्ट यावर भागतं का ते विचारा. आणि त्रास असून खरंच गरज असेल तर नानांना समजावा, नुसत्या अँजिओग्राफीचा डोस त्या साडेतीन तासांच्या मानाने किरकोळ असतो. फक्त टेबलावर चढण्याआधी तिथल्या टेक्निशियनला सदरा वर करून पाठ दाखवायची आणि म्हणायचं, भाऊ, ही जागा सोडून काय ते बघा. अँगल पुरेसा फिरवला की झोत दुसऱ्या कातडीतून जातो, ते त्याला जमतं. त्याला डबा उघडण्याची घाई असली तरी जमतं.

डोसचा आकडा हातात आला की मला कळवा. आणि तो पंप यंदा दिरांच्या पाठीवर द्या, द्राक्षावरच्या भुरी रोगाच्या फवारण्या काही थांबणार नाहीत.